मुलांची निसर्ग-निरीक्षण पिशवी: सहलीआधी कशी भरायची, सहलीत कशी उघडायची

बहुतेक घरांत ही पिशवी सहलीच्या आदल्या रात्री भरली जाते. भिंग, दुर्बीण, होकायंत्र, टॉर्च, दोन-तीन डब्या, रंगपेटी, वही, जे सापडेल ते आत जातं. मग सहलीत भिंगातून सगळं धूसर दिसतं, दुर्बिणीतून नुसता काळोख दिसतो, वहीचं पहिलं पानही कोरं राहतं आणि दुपारपर्यंत पिशवी मोठ्यांच्या खांद्यावर येते. "याला निसर्गाची आवडच नाही," असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. आवड असते, तयारीचा क्रम मात्र उलटा झालेला असतो. आधी वस्तू गोळा होतात, मग मुलाचं वय आठवतं आणि आपण नेमके कुठे चाललो आहोत याचा विचार अगदी शेवटी होतो.

खाली तो क्रम सरळ लावला आहे. काम थोडंच आहे, पण ते आठवडाभर आधी सुरू करा, कारण मधे तालमीसाठी दिवस हवेत.

टप्पा १: जागा बघा, मग प्रश्न लिहा

सहल जंगलात आहे, समुद्रकिनारी, डोंगरावर की ओढ्याकाठी? तिथे हाताच्या अंतरावर काय दिसेल, लांबून काय दिसेल आणि अंधार पडल्यावर आपण तिथे असू का, या तीन गोष्टींवरून निम्मी यादी ठरते. दाट झाडीत पक्षी ऐकू येतात पण दिसत नाहीत, तिथे दुर्बिणीपेक्षा वही उपयोगाची. मोकळ्या पाणथळ जागी याच्या उलट. रात्री मुक्काम नसेल तर टॉर्चची जागा दुसऱ्या कशाला तरी द्या.

समुद्रकिनारी जाणार असाल तर ओहोटीची वेळ आधी पाहा. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून साधारण दोनदा ओहोटी येते आणि दोन ओहोट्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. खडकांतली डबकी पाहायची तर पाणी पुरतं ओसरण्याच्या तासभर आधी पोहोचा आणि भरती लागली की मागे फिरा. ही वेळ चुकली तर उरलेल्या सगळ्या तयारीचा काही उपयोग नाही.

आता मुलाला जवळ घेऊन वहीच्या पहिल्या पानावर त्याचे तीन प्रश्न लिहा. प्रश्न त्याचेच हवेत. सुचत नसतील तर सुरुवात करून द्या: समोरासमोर आलेल्या दोन मुंग्या काय करतात? पानाच्या खालच्या बाजूला कोण राहतं? सगळ्यात लांबून येणारा आवाज कोणाचा? "जैवविविधता म्हणजे काय?" हा या पानावरचा प्रश्न नव्हे. जो डोळ्यांनी, कानांनी किंवा बोटांनी तपासता येईल, तोच प्रश्न इथे लिहायचा.

*तपासणी:* पुढच्या टप्प्यांत हातात घ्याल ती प्रत्येक वस्तू यांपैकी कोणत्या प्रश्नाला मदत करते, हे सांगता आलं पाहिजे. येत नसेल तर ती घरी राहू दे.

*सावधान:* अनेक संरक्षित जंगलांत आणि किनाऱ्यांवर पडलेलं पीस, शिंपला किंवा दगड उचलून नेण्यासही मनाई असते. नियम निघण्याआधी वाचा आणि मुलालाही आधीच सांगा. तिथे पोहोचल्यावर हातातून काढून घेण्यापेक्षा ते बरं.

टप्पा २: वय पाहून यादी कापा

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला मोठ्या काचेचं भिंग, जाड खडू आणि कोरे कागद एवढं पुरतं. सहा ते नऊच्या मुलाला वही, शिसपेन्सिल, पारदर्शक डबी, मऊ ब्रश आणि फुटपट्टी द्या. दहाच्या पुढे दुर्बीण, जास्त ताकदीचं भिंग आणि होकायंत्र यांचा खरा उपयोग सुरू होतो. अर्थात वय हा अंदाज आहे. सात वर्षांचं एखादं मूल दुर्बीण सहज वापरतं आणि बारा वर्षांच्या एखाद्याला खडूच हवे असतात.

दोन मुलं असतील तर भिंग आणि वही प्रत्येकाची वेगळी घ्या. यात काटकसर करू नका. मुंगी कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे "आता माझी पाळी" या भांडणात पाहायचं ते निघून जातं. दुर्बीण मात्र दोघांत एक चालते, कारण एक जण दुर्बिणीतून पाहत असताना दुसरा नुसत्या डोळ्यांनी शोधू शकतो.

*सावधान:* नाण्यासारख्या चपट्या बॅटरीवर चालणारे खेळण्यातले टॉर्च घेऊ नका. अशी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारा टॉर्च निवडा. छोटे ताकदवान लोहचुंबकही नकोत. एकाहून जास्त गिळले गेले तर ते आतड्यांत एकमेकांना चिकटतात आणि प्रसंग जिवावर बेतू शकतो. सोबत तान्हं किंवा दुडदुडणारं भावंड असेल तर हे अधिकच पाळा.

टप्पा ३: तीन मुख्य वस्तू नीट निवडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

*भिंग.* जास्त पट म्हणजे जास्त चांगलं, असं समजून दहापट भिंग चार वर्षांच्या मुलाच्या हातात दिलं जातं. दहापट भिंगातून वस्तू स्पष्ट दिसायला ती काचेपासून जेमतेम अडीच सेंटीमीटरवर असावी लागते, आणि भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवावं लागतं. लहान मूल ते हात लांब करून धरतं, त्यामुळे त्याला सगळं धूसर किंवा उलटं दिसतं. लहानांसाठी दोन ते तीनपट, तळहाताएवढी काच आणि पकडायला दांडा, एवढं बास. त्यांना शिकवायचं ते इतकंच: भिंग वस्तूला टेकव, मग हळूहळू वर उचल, स्पष्ट दिसलं की थांब.

मोठ्या मुलाला दहापट भिंग देताना पद्धत वेगळी सांगा. भिंग डोळ्याशी धर, ते हलवू नकोस. पान हातात घे आणि तेच डोळ्याकडे आण. पानावरची लव पहिल्यांदा स्पष्ट दिसली की पुढचं काही सांगावं लागत नाही.

*सावधान:* भिंगातून किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे पाहायचं नाही, क्षणभरही नाही. वाळल्या पाचोळ्यावर भिंगाने ऊन एकवटायचं नाही. भिंग उन्हात उघडं ठेवायचं नाही, त्याने आपोआपही आग लागू शकते. म्हणून त्याला कापडी खोळ हवीच.

*वही.* कोरी, बिनरेघांची, जाड पुठ्ठ्याची आणि तळहातापेक्षा थोडी मोठी. रेघा असल्या की मूल निबंध लिहू लागतं, कोऱ्या पानावर चित्र काढतं. पेन नको, शिसपेन्सिल हवी, कारण दमट हवेत किंवा पाण्याचा थेंब पडला तर पेनाची शाई पसरते. पेन्सिल दोरीने वहीलाच बांधा. दुसरी पेन्सिल मोठ्यांच्या खिशात ठेवा, पहिली हरवतेच.

प्रत्येक पानावर आधी तारीख, वेळ, जागा आणि हवा. त्यानंतर चित्र आणि चित्राशेजारी एक लहान रेघ: प्रत्यक्ष किडा होता तेवढ्याच लांबीची. ही रेघ नसेल तर महिन्याभराने मुंगी आणि भुंगेरा सारख्याच मापाचे वाटतात. लिहिता येणाऱ्या मुलासाठी पानाच्या मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे "दिसलं", उजवीकडे "वाटलं". पक्षी शेपटी हलवत होता, हे दिसलं. तो घाबरला होता, हे वाटलं. निरीक्षणाचा पाया या एका रेघेने पक्का होतो, आणि मुलं हा फरक आपल्या कल्पनेपेक्षा लवकर पकडतात.

*दुर्बीण.* दुर्बिणीवर ८×२१ किंवा ६×३० असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल ते सांगतो, दुसरा समोरच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. मुलांसाठी सहा ते आठ पट पुरे. त्यापुढे हाताचा कंपही तितकाच मोठा होतो आणि चित्र नाचतं. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो: ६×३० मध्ये तो ५ मिलिमीटर, ८×२१ मध्ये सुमारे २.६. वर्तुळ मोठं तेवढं मुलाला चित्र सापडणं सोपं. मात्र मोठ्या काचेची दुर्बीण जड असते, म्हणून ती मुलाला हातात धरायला लावूनच निवडा.

काळोख दिसण्याचं सर्वांत नेहमीचं कारण वेगळंच आहे. मुलांच्या दोन डोळ्यांतलं अंतर मोठ्यांपेक्षा कमी असतं आणि मोठ्यांच्या अनेक दुर्बिणी तेवढ्या मिटतच नाहीत. मधला सांधा पूर्ण मिटवून पाहायला सांगा. दोन वर्तुळांचं मिळून एक होत नसेल तर ती दुर्बीण या मुलासाठी नाही. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी कडी आत दुमडा किंवा फिरवून खाली करा.

मापाची दुर्बीण मिळाली नाही तर पाचच्या आतल्या मुलाला पुठ्ठ्याच्या दोन नळ्या जोडून द्या. त्यातून काही मोठं दिसत नाही, पण नजर एका जागी टिकते, आणि त्या वयात तेवढंच हवं असतं.

टप्पा ४: लहान साहित्य

झाकणाची पारदर्शक डबी, प्लॅस्टिकची. काच नको, ती फुटते. डबीला दोन-चार भोकं हवीत. किडा बोटांच्या चिमटीत पकडायचा नाही, त्याचे पाय तुटतात. मऊ ब्रशने किंवा कागदाच्या तुकड्यावर चढवून अलगद डबीत घ्यायचा, सोबत तिथलंच एक पान ठेवायचं. डबी सावलीत धरायची, कारण उन्हात ती काही मिनिटांत तापते. पाच मिनिटांत पाहून घ्यायचं आणि जिथून घेतला तिथेच सोडायचा.

फुलपाखरांची जाळी मी यादीतून काढूनच टाकते. तिच्यात पंखांवरचे खवले झडतात, पंख फाटतात, आणि मुलाचं लक्ष पाहण्यावरून पकडण्यावर जातं.

पांढरा रुमाल किंवा जुन्या चादरीचा तुकडा मात्र जरूर घ्या. झुडपाखाली अंथरून फांदी हलकेच हलवली की त्यावर जे पडतं ते पाहून मुलं थक्क होतात: कोळी, भुंगेरे, अळ्या, काडीसारखे दिसणारे किडे. फांदीला हात लावण्याआधी मोठ्यांनी वर पाहावं. घरटं, पोळं, मुंग्यांचं घर किंवा काटे असतील तर दुसरं झुडूप.

फुटपट्टी १५ सेंटीमीटरची. चिकटपट्टीचं लहान बंडल. पडलेलं पान वहीत लावायला ते लागतं आणि केसाळ सुरवंटाचा स्पर्श झालाच तर कातडीतले केस उचलून काढायलाही. ती जागा चोळायची नाही. तिथे चिकटपट्टी लावून उचलायची, मग साबणपाण्याने धुवायचं. पानाचा ठसा घ्यायचा असेल तर एक मेणखडू. पान शिरांची बाजू वर करून ठेवा, त्यावर कागद आणि मग खडू आडवा फिरवा.

रात्री मुक्काम असेल तर टॉर्चच्या तोंडाला लाल जिलेटिन कागद रबरबँडने बांधा. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढऱ्या झोताने ते सरावणं क्षणात जातं. मंद लाल उजेडात ते बरंचसं टिकतं. बहुतेक कीटकांना लाल रंग नीट दिसत नाही, त्यामुळे तेही कमी बिचकतात.

होकायंत्र घेतलंत तर मोबाइलच्या कप्प्यात ठेवू नका. मोबाइलमधल्या चुंबकांमुळे सुई भलतीकडे वळते.

टप्पा ५: मोठ्यांची पिशवी वेगळी

जखमेची पट्टी, जंतुनाशक, टोकदार चिमटा, क्षार-साखरेची पुडी, मुलाची नेहमीची औषधं, साबण आणि कीटकरोधक मलम हे मुलाच्या पिशवीत जायचं नाही.

गोचीड चिकटली तर चिमट्याने तिला कातडीच्या अगदी जवळ पकडून सरळ वर ओढायचं. तेल ओतणं, चटका देणं, पिरगळणं, यातलं काही करायचं नाही. मधमाशी डसली तर काटा लवकरात लवकर काढायचा, योग्य साधन शोधण्यात वेळ घालवायचा नाही. ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, तर ताबडतोब वैद्यकीय मदत.

*सावधान:* डीट (DEET) हे रसायन असलेलं कीटकरोधक काही प्लॅस्टिक विरघळवतं. ते लावलेल्या हातांनी भिंग किंवा दुर्बीण धरली तर काचेवर आणि चौकटीवर डाग उठतात. तसंच बेडकाची कातडी रसायनं शोषून घेते, त्यामुळे मलम लावलेल्या हातांनी बेडकाला स्पर्श करू देऊ नका. शक्यतो नुसतं पाहावं.

टप्पा ६: वजन करा, मग मांडा

पिशवी पाण्याच्या बाटलीसह मुलाच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास ठेवा. २० किलोच्या मुलासाठी हे एक किलो होतं, आणि त्यातलं अर्धा किलो तर अर्धा लिटर पाणीच असतं. उरलेल्या अर्ध्या किलोत बाकी सगळं बसवायचं म्हटलं की यादी आपोआप शहाणी होते.

पिशवी दोन पट्ट्यांची, पाठीवरची, भडक रंगाची. हात मोकळे राहतात आणि झाडीत मूल पटकन दिसतं. भिंग आणि वही पुढच्या कप्प्यात, न उघडता हाताला लागतील अशी. ओलं होऊ नये ते आतल्या बंद पिशवीत. शिट्टी खांद्याच्या पट्टीला बांधा. गळ्यात दोरी नको, ती फांदीत अडकते.

*तपासणी:* मुलाने डोळे मिटून भिंग काढून दाखवावं. जमलं नाही तर मांडणी बदला, आणि ती त्याच्या सांगण्याप्रमाणे बदला.

टप्पा ७: घराजवळ एक तालीम

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि बिघडलेल्या सहलींचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. सहलीच्या दोन-तीन दिवस आधी पिशवी घेऊन घराजवळच्या एखाद्या झाडापाशी अर्धा तास काढा. दुर्बिणीचा सराव इथेच. आधी नुसत्या डोळ्यांनी एखादं ठळक पान शोधायचं, नजर तिथून न हलवता दुर्बीण डोळ्यांसमोर आणायची. दुर्बीण लावून मग शोधायला गेलं तर काहीच सापडत नाही.

शिट्टीचा नियमही इथेच पाठ करून घ्या: चुकलो असं वाटलं तर आहे तिथेच थांबायचं, एखाद्या झाडाला धरून राहायचं आणि तीनदा शिट्टी वाजवायची, थोडं थांबून पुन्हा तीनदा. एरवी खेळ म्हणून ती वाजवायची नाही.

परत आल्यावर विचारा: काय वापरलं नाहीस? ते काढून टाका. काय कमी पडलं? ते घाला.

टप्पा ८: सहलीत उघडण्याचा क्रम

1. पोहोचल्यावर पिशवी बंद. दहा मिनिटं एका जागी बसा. आपण आल्याने गप्प झालेली जागा हळूहळू पुन्हा बोलू लागते.
2. आधी फक्त वही काढा. पानाच्या मध्यभागी फुली म्हणजे मूल. आवाज ज्या दिशेने आणि जितक्या लांबून येईल तिथे खूण करायची. नाव माहीत नसलं तर "करवतीसारखा", "टकटक" असं लिहायचं.
3. मग एकच साधन, पहिल्या पानावरच्या एका प्रश्नासाठी. त्यातलं कुतूहल संपेपर्यंत दुसरं काढू नका.
4. दगड उलटायचा तो मोठ्यांनीच, आणि पलीकडची कड आपल्याकडे उचलून, म्हणजे खाली असलेला प्राणी आपल्यापासून दूर निघेल. पाहून झालं की दगड होता तसाच हलकेच ठेवायचा, तो कोणाचं तरी छप्पर आहे. विषारी साप-विंचवांच्या भागात दगड उलटूच नका.
5. मोबाइल शेवटी. आधी चित्र, मग फोटो. नाव शोधायचं काम मुक्कामी परतल्यावर.

नावाची घाई न करणं मोठ्यांना अवघड जातं. "हा कुठला पक्षी?" असं मुलाने विचारल्यावर लगेच नाव सांगितलं की त्याचं पाहणं तिथेच थांबतं. "चोच कशी आहे? तो चालतो की उड्या मारतो?" असं विचारलं की पाहणं पुढे चालू राहतं. मात्र परीक्षा घेतल्यासारखे एकामागून एक प्रश्न टाकू नका. मूल कंटाळलं तर पिशवी बंद करा आणि त्याला पाण्यात दगड मारू द्या.

*सावधान:* जिथे डोळ्यांना दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, हा एकच नियम बिळं, ढोली, कपारी, पाचोळा सगळ्यांना लागू करा. भूछत्र आणि अनोळखी फळ तोंडात जायचं नाही, आणि खाण्याआधी हात साबणाने धुवायचे.

टप्पा ९: निघताना आणि परतल्यावर

जागा सोडण्यापूर्वी डब्या रिकाम्या आहेत का पाहा. कपड्यांना चिकटलेल्या बिया आणि बुटांचा चिखल शक्यतो तिथेच झटकून टाका. परक्या वनस्पतींचं बी आणि बेडकांना मारणारी बुरशी अशा चिखलातून एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर जाते.

भिंग किंवा दुर्बिणीची काच सदऱ्याला पुसायची नाही. आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने धूळ उडवायची, मग मऊ कापड. धूळ तशीच ठेवून पुसलं तर वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. ओली पिशवी पूर्ण वाळेपर्यंत उघडी ठेवा. टॉर्चची बॅटरी काढून फक्त मोठ्यांच्याच हाताला लागेल अशा जागी ठेवा, कारण आत राहिली तर ती गळते.

वहीत ज्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तो खोडू नका. पुढच्या सहलीचं पहिलं पान त्याच प्रश्नाने सुरू करा, आणि पिशवीत काय घ्यायचं ते या वेळी मुलाला ठरवू द्या.